तालमीची माती आणि दुसरा गाल

रविवारची मिस्सा आटोपली होती आणि मंडळी चर्चच्या आवारात नेहमीप्रमाणे रेंगाळत होती. आमच्या धर्मग्रामातील एका माउलीने आम्हांला बाजूला घेतले. तिचा मुलगा आठवीत आहे. अंगाने किरकोळ, स्वभावाने भिडस्त. शाळेच्या वाटेवर चार मोठी पोरे त्याला रोज अडवतात. कधी डबा हिसकावून घेतात, कधी टोपी उडवतात. मागच्या आठवड्यात एकाने त्याच्या थोबाडीत मारली. मुलगा घरी येऊन काही बोलला नाही. गालावरच्या वळाने सांगितले. वडिलांचे म्हणणे, त्याला तालमीत घालावे, नाहीतर कराटेच्या क्लासला. एकदा उलटून दिली की पुन्हा कोणी वाटेला जाणार नाही. आजीचे म्हणणे, प्रभूने आपल्याला दुसरा गाल पुढे करायला शिकवले आहे, मारामारी शिकायला पैसे भरणे हे आपल्या लोकांना शोभत नाही. "सर, तुम्ही लिहितां-वाचतां. दोघांतलं खरं कुणाचं?" असा तिचा प्रश्न होता.

आम्ही तेव्हा काहीतरी गोलमोल उत्तर दिले. पण घरी आल्यावर ते उत्तर आमचे आम्हांलाच पटेना. प्रश्न एका मुलाचा नव्हता. बळ कमावणे आणि सौम्य राहणे या दोन गोष्टी एका माणसाच्या ठायी नांदू शकतात काय, असा तो प्रश्न होता. पुढे जे लिहीत आहोत ते त्या माउलीला त्या दिवशी सांगायला हवे होते.

सोलापूर हे तालमींचे गाव आहे. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात पाळी सुटली की कामगारांची पोरे तालमीत उतरत. गिरण्या गेल्या, तालमी पुष्कळशा उरल्या. काही आता केवळ गणेशोत्सवातील लेझमीपुरत्या जाग्या होतात, काहींच्या हौद्यात अजून खरोखर माती खेळली जाते. मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही भाषा एका हौद्यात ऐकू येतात. कोनाड्यात मारुतीची मूर्ती असते. तिच्यासमोरच्या मातीत कित्येक मुसलमान मल्लांनीही आयुष्य काढले आहे. आपल्या समाजातील पालकांना ही मूर्ती पाहून संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. पण ज्या वस्तादांना आम्ही ओळखतो, त्यांनी कुणाच्या पोराला त्याच्या देवाविषयी कधी विचारलेले नाही. ते विचारतात दोनच गोष्टी: पहाटे किती वाजता उठतोस, आणि सकाळी काय खातोस.

तालमीत नवा आलेला पोर पहिल्या दिवशी डाव शिकायला अधीर असतो. त्याच्या डोळ्यांसमोर धोबीपछाड असते, ढाक असते, कलाजंग असते. वस्ताद त्याच्या हाती फावडे देतात. हौद्यातली तांबडी माती उकरायची, ढेकळे फोडायची, खडे वेचायचे, पाणी शिंपडायचे. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे जिन्नस मुरवलेले असतात, आणि ती जितकी उलटीपालटी होईल तितकी चांगली राहते. मग जोर, मग बैठका. कित्येक आठवडे हेच. मग मोठ्या मल्लांच्या हातून पडायचे. धरायचे नाही, झुंजायचे नाही, नुसते पडायचे: पाठीवर, कुशीवर, खांद्यावर. पडताना मान कशी आवरायची, हात कुठे टेकायचा नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत.

या क्रमाला व्यवहाराची कारणे आहेत. स्नायू लवकर फुगतात. सांधे, शिरा आणि मानेचा कणा यांना बळकट व्हायला कितीतरी अधिक काळ लागतो. अंगात जोर आला आणि मान कच्ची राहिली, तर तो जोरच मल्लाला खाटेवर निजवतो. शिवाय अर्धवट शिकलेला डाव हा समोरच्यापेक्षा करणाऱ्यालाच अधिक घातक असतो. वस्ताद म्हणतात, डाव ठाऊक असणे निराळे आणि डाव अंगात बसणे निराळे. ठाऊक व्हायला एक सकाळ पुरते. अंगात बसायला वर्षे जातात.

मात्र व्यवहाराच्या या कारणांपलीकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या ध्यानी बऱ्याच उशिरा आली. तालमीत रोज सकाळी प्रत्येक पोर आपली मान दुसऱ्याच्या हाती देतो. जोडीदाराने कैची घातली, हाताला पीळ दिला, की त्या क्षणी खांदा निखळवणे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर असते. तो निखळवत नाही. पकड पुरी झाली, समोरच्याने खूण केली, की तो सोडतो. आणि दुसऱ्या दिवशी हीच मान, हाच खांदा घेऊन दोघे पुन्हा समोरासमोर येतात. वेळेवर सोडण्याचे हे वळण नसते, तर महिन्याभरात तालीम ओस पडली असती. म्हणजे संयम हा मल्लविद्येवर वरून चढवलेला नीतीचा मुलामा नव्हे. तो नसेल तर ती विद्या शिकताच येत नाही, कारण शिकायला जोडीदार उरत नाही. अलीकडे गल्लोगल्ली निघालेल्या जिममध्ये भिंतभर आरसे असतात आणि मुलगा तासभर स्वतःकडेच पाहत असतो. तालमीत आरसा नसतो, समोर दुसऱ्या माणसाचे तोंड असते. दोहोंत कमावलेले दंड सारखेच दिसतील. पण त्या दंडांना लागलेली सवय सारखी नसते.

आता आखाड्यातील झुंज पाहा. सलामी होते, माती हाताला लावली जाते, शड्डू घुमतात, हलगी कडाडते, आणि त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नाही. नवख्या प्रेक्षकाला कंटाळा येतो. मनगटाला मनगट, कपाळाला कपाळ. एक पाऊल पुढे, एक मागे. ही खडाखडी. वस्तुतः याच वेळी सारे काही घडत असते. समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे, त्याचा दम कुठवर आला, तो कशाला घाबरतो, हे हाताच्या तळव्यातून वाचले जात असते. जो उतावीळ होऊन आधी झेपावतो, तो आपला तोल दुसऱ्याच्या हवाली करतो.

तथापि वाट पाहणे म्हणजे धीर धरणे असे सरसकट समजू नये. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची गाजलेली कुस्ती झाली. पोलंडचा तो मल्ल फार लवकर खाली गेला आणि मातब्बर देह मॅटला चिकटवून दोन तासांहून अधिक काळ तसाच पडून राहिला. गामाला तो उलथवता येईना. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा जोड ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. दोघे पुन्हा भेटले ते १९२८ साली पतियाळ्यात, आणि तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. लंडनमध्ये दोघेही दोन तास वाट पाहत होते. एकजण संधीची वाट पाहत होता, दुसरा वेळ संपण्याची. बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंत फरक दिसणे कठीण आहे. आपल्या त्या आठवीतल्या मुलाचे मौन कोणत्या जातीचे आहे, हेही त्याच्या आईला बाहेरून सांगता येणार नव्हते.

संत थॉमस अक्विनास यांनी धैर्य या सद्‌गुणाचा विचार करताना एक मत मांडले आहे, जे पहिल्या वाचनात उलटे वाटते. धैर्याचे मुख्य कार्य चढाई करणे नव्हे, तर टिकून राहणे होय, असे ते म्हणतात, आणि त्याची कारणे देतात. चढाई करणारा स्वतःला वरचढ समजत असतो. टिकणाऱ्यापुढे त्याच्याहून बलवान उभा असतो. चढाई करणाऱ्यासाठी धोका पुढे कधीतरी यायचा असतो. टिकणाऱ्याच्या तो अंगावर आलेला असतो. चढाई क्षणात होते. टिकायला काळ लागतो. सोलापुरातील कोणताही जुना मल्ल हे ऐकून मान डोलावेल. खाली सापडलेल्या मल्लाच्या मानेवर समोरच्याचा सारा भार असतो, घिस्सा बसत असतो, तोंडात माती गेलेली असते, आणि तरीही तो आपली पाठ मातीला लागू देत नाही. वर बसलेल्यापेक्षा खाली टिकणाऱ्याची ताकद अधिक खर्च होते. तेराव्या शतकातील या धर्मपंडितांनी हौदा पाहिलेला नव्हता. माणूस मात्र पाहिला होता.

हेच संत थॉमस पुढे रागाविषयी लिहितात, ते आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. विवेकाच्या ताब्यात असलेला राग हा दोष नव्हे. उलट, जिथे राग यायला हवा तिथे तो न येणे हाही दोष होऊ शकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण धीराचा उपदेश बहुधा वरून खाली केला जातो. मालक मजुराला धीर धरायला सांगतो. विड्या वळणाऱ्या बाईला मुकादम सांगतो. आणि नवऱ्याच्या हातचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला तिचीच माणसे, क्वचित आपल्यातली जाणती मंडळीही, सोसण्याचे पुण्य समजावून सांगतात. हा धीर नव्हे. दुसऱ्याच्या पाठीवर स्वतःचा क्रूस ठेवून त्याला सहनशीलतेचे धडे देण्याचा हा प्रकार आहे. सोसणाऱ्याने सोसले तर त्याची थोरवी. पण तेवढ्याने मारणारा सुटत नाही, आणि पाहत राहिलेलाही सुटत नाही.

मग अन्यायापुढे संयम कसा असतो? या जागी आम्हांला खाशाबा जाधवांची आठवण होते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल, जन्म १५ जानेवारी १९२६ चा. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते उतरले. मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅट नवे आणि नियमही नवे; तरी सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड व्हायची होती, तेव्हा मद्रासच्या स्पर्धेत अगदी थोडक्या गुणांनी त्यांचा पराभव ठरवला गेला. तो पक्षपात असल्याची त्यांची भावना होती. त्यांनी काय केले? पंचांच्या अंगावर ते धावले नाहीत, आणि नशीब म्हणून घरीही बसले नाहीत. त्यांनी पतियाळ्याच्या महाराजांकडे दाद मागितली, आणि आपली त्याच मल्लाशी पुन्हा कुस्ती लावावी एवढेच मागितले. कुस्ती लागली, ती त्यांनी जिंकली. मग प्रश्न पैशाचा. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत जपानच्या इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली आणि ते थोडक्यात हरले. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो दाखवून त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तिथे नव्हता. दमलेले खाशाबा मॅटवर गेले आणि हरले. पदक कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून, त्यांतून आलेल्या पैशाने खर्डेकरांचे घर सोडवून दिले, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते, आणि आमच्या मते पदकाहून ती अधिक मोलाची आहे.

पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्काराला २००० साल उजाडावे लागले, आणि तोवर तो स्वीकारायला ते उरले नव्हते. खाशाबांचा धीर मोठा होता, हे आपण कौतुकाने म्हणतो. ज्यांनी त्यांना इतकी वाट पाहायला लावली त्यांच्याविषयी मात्र आपण काही म्हणत नाही.

आता याच्या उलट चित्र. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढती होत्या. गादी विभागातील निर्णायक कुस्तीत पंचांनी एका मल्लाला चीतपट ठरवले. त्याला तो निकाल मान्य नव्हता. वादावादी झाली, त्याने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत दुसरा एक मल्ल, आपल्याच सोलापूर जिल्ह्याचा, पंचांच्या निर्णयावर चिडून काही सेकंद उरलेले असताना मॅट सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. त्यांची नावे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहेत. ती इथे गिरवण्याचे कारण नाही. निकाल बरोबर होता की चूक, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. आमचा प्रश्न त्याहून निराळा आहे. पहाटे चारला उठून पंधरा-पंधरा वर्षे ज्यांनी जोर काढले, ज्यांनी जिभेला, झोपेला, देहाच्या प्रत्येक ओढीला वेसण घातली, त्यांच्या हातून हे व्हावे, याचा अर्थ काय?

संत पौलाने करिंथ येथील भाविकांना लिहिताना मल्लांचे उदाहरण दिले आहे. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. त्यामुळे वाचकांना दाखला समजावून सांगावा लागला नसेल. स्पर्धेत उतरणारा सर्व बाबतींत इंद्रियदमन करतो, आणि तेही सुकून जाणाऱ्या पानांच्या मुकुटासाठी, असा त्याचा आशय आहे. आम्ही पूर्वी हे वाचून पुढे जात असू. आता तिथे अडखळतो. मुकुटासाठी केलेला संयम मुकुट हातचा गेला की कुठे जातो? जो मल्ल गदेसाठी पंधरा वर्षे थांबतो, त्याला गदा हिरावली गेल्यावर थांबण्याचे कारणच उरत नाही. त्याची सारी वाट पाहणी ही एका क्षणासाठी केलेली बचत होती, आणि तो क्षण बुडाला. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात नियमाने लढणाऱ्यालाच मुकुट मिळतो अशा अर्थाचा विचार येतो. त्यात हे गृहीत धरलेले आहे की कधी कधी नियमाने लढूनही मुकुट मिळणार नाही.

पण त्या दोन मल्लांकडे बोट दाखवून आपण सुटावे, हेही आम्हांला मान्य नाही. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला कोथरूड येथे याच स्पर्धेत एका गुणनिर्णयावरून गदारोळ झाला. लढणारे दोघेही सोलापूर जिल्ह्याचे. त्या वेळी मल्लांनी नव्हे, बाहेरच्यांनी ताळ सोडला. पंचांना धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. ज्यांनी आयुष्यात दहा जोर काढले नाहीत, त्यांनी घरबसल्या मोबाईलवर शड्डू ठोकले. त्यांत आपल्या ओळखीचेही होते. किंबहुना, दूरचित्रवाणीसमोर बसून पंचाला शिवी हासडणाऱ्या बापाशेजारी जो मुलगा बसलेला असतो, त्याला संयम शिकवायला आपण कोणत्या तालमीत पाठवणार आहोत?

१९६४ सालची एक गोष्ट मात्र सांगायची आहे. टोकियोत ज्युडो हा खेळ प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला होता. ज्या देशाने तो घडवला त्याच देशाच्या राजधानीत, निप्पोन बुदोकानच्या सभागृहात, हॉलंडच्या आंतोन खेसिंक या धिप्पाड मल्लाने जपानच्या कामिनागाला हरवले. सारे सभागृह सुन्न झाले. खेसिंकचे देशबांधव आनंदाने बेभान होऊन मॅटकडे धावले. त्याने हात वर करून त्यांना जागच्या जागी थांबवले. मग कामिनागासमोर उभे राहून रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. पुष्कळ जपानी लोकांनी त्या वर केलेल्या हाताची आठवण पदकापेक्षा अधिक काळ ठेवली. हरल्यावरचा संयम अवघड असतो हे खरे. जिंकल्यावरचा कोणी मागतही नाही, म्हणून तो बहुधा दिसत नाही.

आता आजीच्या मुद्द्याकडे येऊ. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, आणि तिथे उजव्या गालाचा स्पष्ट उल्लेख आहे. काही अभ्यासक याकडे लक्ष वेधतात. समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचे, तर ते हाताच्या मागच्या बाजूनेच मारावे लागते. असा फटका इजा करण्यासाठी नसून पायरी दाखवण्यासाठी असतो. धनी दासाला मारतो तसा. त्यावर दुसरा गाल पुढे करणारा पळत नाही, रडत नाही, उलट मारतही नाही. तो जागेवर उभा राहतो, आणि मारणाऱ्याला आपल्या तोंडाकडे पाहायला लावतो. हा अर्थ सर्वांना मान्य आहे असे नाही. पण प्रभूच्या स्वतःच्या आचरणाशी तो जुळतो, असे आम्हांला वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग आठवावा. हन्नासमोर चौकशी चालली असता एका शिपायाने प्रभू येशूच्या तोंडात मारली. प्रभूने तिथे अक्षरशः दुसरा गाल पुढे केला नाही. हे संत अगस्तीन यांच्याही ध्यानात आले होते, आणि त्यांनी त्याचा ऊहापोह केला आहे. प्रभूने त्या शिपायाला प्रश्न विचारला. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे. आणि योग्य बोललो असेन तर मारतोस का, असा त्या प्रश्नाचा भाव आहे. हात बांधलेले, आवाज मात्र बांधलेला नाही. त्याच रात्री, काही तासांपूर्वी, पेत्राने तलवार उपसून मल्खाचा कान तोडला होता, आणि प्रभूने त्याला तलवार म्यानात घालायला सांगितले होते. पेत्र भित्रा नव्हता, निदान त्या क्षणी तरी. पण ज्याने तलवार चालवली तोच पेत्र पहाटेच्या आत एका दासीच्या प्रश्नापुढे डगमगला. तलवार चालवण्यास जे लागते ते त्याच्यापाशी होते, टिकून राहण्यास जे लागते ते त्याला पुढे मिळाले. संत थॉमस यांचे ते मत आम्हांला हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्यावर कळले.

म्हणून आजीचे म्हणणे खोटे नाही, आणि वडिलांचेही सर्वस्वी खोटे नाही. जो मारू शकत नाही त्याच्या न मारण्याला आपण संयम म्हणू शकत नाही. तो सोसू शकतो, आणि त्याचे सोसणे देवाच्या दृष्टीने थोर असू शकते, पण हात आवरणे हे ज्याच्या हातात बळ आहे त्यालाच शक्य असते. लोयोलाचा इग्नाशियस मूळचा शिपाईगडी. १५२२ साली माँतसेरातला जात असता वाटेत एका मूर प्रवाशाने पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी शंका काढली. तो पुढे निघून गेल्यावर इग्नाशियसचा हात खंजिराकडे जाऊ लागला. त्याच्या मागे जावे की सोडून द्यावे, हे त्याला ठरवता येईना. म्हणून त्याने तो निर्णय खेचरावर सोपवला! खेचर शहाणे निघाले, दुसऱ्या रस्त्याला लागले. पुढे माँतसेरातला पवित्र मरियेच्या वेदीसमोर त्याने रात्रभर जागरण केले आणि तलवार तिथेच ठेवली. ठेवायला तलवार होती, म्हणून ठेवता आली. येशूसंघाच्या संस्थापकाचा विवेक एके काळी खेचराच्या पाठीवर बसून होता, ही गोष्ट धीर सुटलेल्या कोणाही माणसाला दिलासा देणारी आहे.

तालमीत गेलेला प्रत्येक मुलगा सौम्य होतो, असे सांगून आम्ही त्या माउलीची फसवणूक करणार नाही. निवडणुकीच्या दिवसांत कमावलेल्या अंगांना कोण बोलावतो, कशासाठी बोलावतो, हे सोलापुरात कोणाला ठाऊक नाही? वस्तादाविना तालीम म्हणजे नुसता जोर. आम्हांला माहीत असलेले जुने वस्ताद तालमीतला डाव रस्त्यावर टाकणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी हौद्यात पाऊल ठेवू देत नसत; बापाने येऊन पाय धरले तरी नाही. असा वस्ताद मिळत असेल तर मुलाला जरूर घालावे, नसेल तर घरीच राहू द्यावे, आणि पैसे दुधाला खर्च करावेत. मात्र दोन्ही बाबतींत शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटणे, त्या चार मुलांच्या घरी जाणे, हे काम आईबापांचे आहे. चौदा वर्षांच्या पोराने धीर शिकावा आणि थोरांनी तेवढ्यात निवांत राहावे, हे बरे नव्हे.

त्या मुलाला शेवटी तालमीत घातले. वडील शाळेतही जाऊन आले. पोरांची वाटेवरची गडबड थोडी कमी झाली, थांबली असे म्हणवत नाही. पाच महिन्यांनी माउली पुन्हा भेटली ती कुरकुरत. बदाम महाग झाले आहेत, पोरगा पहाटे साडेचारला उठून घर जागे करतो, आणि इतके होऊन वस्तादांनी त्याला अजून एक डावसुद्धा शिकवलेला नाही. वडील चिडले आहेत. एवढ्या दिवसांत कराटेवाल्यांनी एखादा पट्टा तरी दिला असता, असे ते म्हणतात.

मुलगा शेजारीच उभा होता. खांदे थोडे भरले होते, बोलणे तेवढेच कमी होते. आम्ही त्याला विचारले, "मग इतके दिवस करतोस तरी काय?"

"माती उकरतो, सर."

"रोज?"

"रोज. रात्रीतनं बसते ती. दगडासारखी होते."

"आणि कंटाळा नाही येत?"

त्याने क्षणभर आईकडे पाहिले. "येतो की. पण मी नाही उकरली तर समोरचा पडल्यावर त्याला लागतंय," तो म्हणाला, आणि सायकल घेऊन निघून गेला, कारण मिस्सेमुळे आधीच अर्धा तास उशीर झाला होता आणि वस्ताद उशिरा येणाऱ्याला बैठका वाढवून देत.